तिसऱ्या टाकीची हवा

गावाचं सगळं सांडपाणी ज्या केंद्रात येऊन पडायचं, तिथं तिला तोंडावर मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे पडदेवाली. "बाकीच्या बायका घरात पडदे लावतात, आमच्या मॅडम पडदे धुतात," हा विनोद पहिल्यांदा कुणी केला ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या दिरानं. तो त्याच केंद्रात फिटर होता.

पडदे म्हणजे मेंब्रेन. खोल सिमेंटच्या टाकीत लोखंडी चौकटी उभ्या सोडलेल्या, आणि प्रत्येक चौकटीवर सुतळीहून बारीक असे हजारो पोकळ दोरे ताणून बसवलेले. बाहेर मैल्याचं पाणी, आतून पंपाची ओढ. पाणी दोऱ्याच्या अंगातून झिरपून आत यायचं आणि घाण बाहेरच्या बाहेर राहायची. खालून हवेचे बुडबुडे सोडले की दोरे हलत राहायचे आणि त्यांच्यावर गाळ बसायचा नाही. पलीकडच्या नळातून येणारं पाणी इतकं नितळ असायचं की पाहुणा ग्लास उजेडात धरून बघत बसे. मग ती म्हणायची, "बघा, पण पिऊ नका. आपली अजून तेवढी ओळख नाही."

रसायनशास्त्र शिकून ती या कामात आली तेव्हा माहेरी कुणाला ते फारसं पटलं नव्हतं. सासरी मात्र कुणी नाक मुरडलं नाही. नवरा शाळेची बस चालवायचा, बोलायला अगदी मोजका. सासूबाई घर सांभाळायच्या आणि घरावर नजरही ठेवायच्या. आणि दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जात होता. त्याची गणितं तिनं घेतली होती, त्याच्या तापात उशाशी बसली होती. घरात त्याला धाकटाच म्हणायचे, त्याला मिशा आल्या तरी धाकटाच. केंद्रात नोकरी त्यानं स्वतः परीक्षा देऊन मिळवली, पण लोक वशिला म्हणायचेच. म्हणून तिथं ती त्याच्याशी इतरांपेक्षा जरा कडकच वागायची. घरी तो "वहिनी, तू" म्हणायचा, केंद्राच्या फाटकातून आत शिरलं की "मॅडम, तुम्ही". हा बदल त्याला कधी चुकला नाही.

केंद्रात नव्या माणसाला पहिल्या दिवशी ती एकच गोष्ट शिकवायची. सडलेल्या गाळातून जो वायू निघतो त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. तो वास येतोय तोवर सावध राहा. आणि वास एकदम नाहीसा झाला, तर आनंद मानू नका. वायू वाढलाय आणि नाक मेलंय, एवढाच त्याचा अर्थ. "वास आला तर थांबा, वास गेला तर पळा." धाकट्यानं याचं गाणं केलं होतं. पान्हा फिरवताना तो ते शिट्टीवर वाजवायचा.

केंद्राचा सगळ्यात मोठा खर्च हवेचा होता. हवा फुंकणारे ब्लोअर अखंड घरघरत असायचे आणि वीज खात असायचे. ती हवा सतत कशाला हवी, असा विचार पडदेवालीच्या डोक्यात बरेच दिवस घोळत होता. शेवटी तिनं एका टाकीवर प्रयोग केला. थोडा वेळ हवा चालू, तेवढाच वेळ बंद. अधूनमधून पंपाची ओढही थांबवायची, म्हणजे दोऱ्यांना उसंत मिळेल आणि अंगावर बसू पाहणारा गाळ आपोआप सुटेल. पंपाला किती जोर लावावा लागतो ते दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे ती दिवस दिवस बघत बसली. काटा जागचा हलला नाही. पाणी तितकंच नितळ आणि वीज कितीतरी कमी. मग चारही टाक्यांना तेच लावलं.

साहेब खूश झाले. केंद्राचे ते प्रमुख. माणूस वाईट नव्हता. वरून येणारा दट्ट्या स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा आणि खालच्यांना चहा पाजायचा. पण कौतुकाची चव लागली की माणसाचं पोट भरत नाही.

"मॅडम, अर्धी हवा चालते तर पाव का नाही चालणार?" त्यांनी विचारलं. "आणि नव्या वसाहतीचं पाणी आपल्याकडेच येणार आहे. पडदे तेवढेच, पाणी जास्त. जरा जोरात ओढू या."

"दोन्ही एकदम नको, सर. हवा कमी करायची तर ओढ वाढवू नये. दोऱ्यांवर गाळ चढेल."

"चढला तर धुऊ. धुवायला औषध आहे ना?"

तिच्या मनातही एक कोपरा म्हणत होता, बघू या तरी. आपली कल्पना कुठवर ताणता येते ते बघायची हौस तिलाही होतीच. तिनं मान डोलावली, आणि पुढच्या आठवड्यात ब्लोअरची घरघर इतकी कमी झाली की ऑफिसात बसल्या बसल्या एकमेकांचं बोलणं ऐकू यायला लागलं. ती शांतता सगळ्यांना आवडली. तिला आवडली नाही, पण का आवडली नाही ते सांगता येईना.

महिनाभर काही झालं नाही. गेजचा काटा केसभर सरकायचा, धुतलं की परत यायचा. मग धुऊनही पूर्ण परत येईना. टाक्यांतल्या पाण्याचा रंग आधी ओल्या मातीसारखा तपकिरी असायचा, पावसाळ्यातल्या शेताचा असतो तसा, आणि वासही तसाच. आता तिसऱ्या टाकीचा रंग काळपट दिसू लागला. तिनं नमुना काढून काचेत धरला. खाली बसलेला गाळ काजळीसारखा होता.

घरी सासूबाईंनी जेवताना तिचा हात धरला. "ही अंगठी बघ. चांदी कशी काळी ठिक्कर पडलीये. परवाच घासून दिली होती मी."

"तिथल्या हवेनं पडते, आई."

"मग तिथं तुमच्या दोघांच्या आत काय होत असेल?" सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा वाढायला लागल्या. धाकट्यानं हसत आपली छाती ठोकली. "आमच्या आत चांदी नाही गं आई, लोखंड आहे!" नवऱ्यानं मात्र ताटातून वर पाहिलं.

चांदी काळी पडते तसं तांबंही पडतं. विजेच्या पेटीतल्या तारांची टोकं काळी पडायला लागली होती. वायरमन दोनदा घासून गेला. तिसऱ्या टाकीच्या एका कोपऱ्याला हवा सोडणारा व्हॉल्व्ह त्याच पेटीवरून उघडमीट करायचा. पडद्यावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर, तो अगदी नेमानं उघडमीट करताना दिसत होता. हिरवा, लाल, हिरवा, लाल. पेटीत मात्र एक टोक जळून गेलं होतं, आणि प्रत्यक्षात व्हॉल्व्ह बंद होऊन बसला होता. टाकीच्या त्या कोपऱ्यात किती दिवस हवाच गेलेली नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि केस. सांडपाण्यात गावाचे केस येतात, न्हाणीघरातून, सलूनमधून. तोंडाशी चाळणी होती, पण तिची भोकं मोठी आणि दोन ठिकाणी फाटलेली. आतवर आलेले केस हलत्या पाण्यात एकमेकांत पिळले जायचे आणि दोऱ्यांभोवती गुंडाळून बसायचे. लांबलचक, मनगटाएवढ्या जाड, काळ्या वेण्या. पूर्वी हवेच्या जोरानं त्यातल्या पुष्कळ सुटून वर यायच्या आणि पंपवाले काका लांब लोखंडी आकड्यानं त्या ओढून काढायचे. पंपवाले काका म्हणजे केंद्रातले सगळ्यात जुने ऑपरेटर. आता वेण्या वर येईनाशा झाल्या. खालीच वाढत राहिल्या. वरून बघितलं की काळ्या पाण्यात काहीतरी हललेलं दिसायचं आणि परत दिसेनासं व्हायचं.

"कुणाच्या तरी माथ्यावरून उतरलेलं हे," काका एकदा म्हणाले, "आता आपल्या माथी बसणार."

अशात दुसऱ्या गावची मंडळी केंद्र बघायला येणार असं ठरलं. कमी विजेत जास्त पाणी कसं काढतात ते त्यांना दाखवायचं होतं. आणि नेमका आदल्या दिवशी तिसऱ्या टाकीचा काटा, जो इतके दिवस केसाकेसानं सरकत होता, सकाळी सकाळी उडी मारून लाल पट्ट्यात जाऊन बसला. असं होतं, पडदेवालीनं वाचलं होतं. पडदे हळूहळू तुंबतात, तुंबतात, आणि मग एक दिवस अचानक श्वास सोडून देतात.

"टाकी रिकामी करून धुऊन घ्या," साहेबांनी फोनवर सांगितलं. "उद्या चारही चालू दिसायला हव्यात."

"वायू मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, सर. ते आल्याशिवाय टाकीत माणूस उतरवणार नाही मी."

"उतरवू नका ना. क्रेननं चौकटी वर काढा आणि बाहेर धुवा."

हे रास्त होतं. पाणी उपसलं. तळाशी गुडघाभर काळा गाळ राहिला. मोठा पंखा लावून त्यांनी आत ताजी हवा बराच वेळ फुंकली. पहिली चौकट वर आली, दुसरी आली, तिसरी अडकली. केसांची एक वेणी तिच्यापासून शेजारच्या चौकटीत गेली होती आणि क्रेन ओढेल तशी घट्ट होत होती. काकांनी वरून आकड्यानं पुष्कळ खटपट केली. हाती लागले चार केस.

"मॅडम, मी शिडीवरून जरा खाली जाऊन कापून येतो," धाकटा म्हणाला. "पट्टा बांधतो, दोर लावतो. पंखा चालूच आहे. दोन मिनिटांचं काम."

"नाही म्हटलं ना."

"मग उद्या पाहुण्यांना काय, वेणी दाखवायची?"

तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजायला लागला. यंत्राचं काय झालं ते विचारायला तिनंच दुरुस्तीवाल्याला निरोप ठेवला होता. "थांब. मी आलेच," असं म्हणून ती वळली. तिनं 'उतरू नकोस' असं पुन्हा म्हणायला हवं होतं, हे तिच्या मनात पुढे हजारदा आलं. पण त्या क्षणी तिला वाटलं, थांब म्हटलंय, पुरे.

ती फोन ठेवून परत आली तेव्हा काका कठड्यावर वाकून खाली बघत होते आणि धाकटा खाली होता. शिडीच्या शेवटच्या पायरीवरून तो गाळात उतरला होता. पट्ट्याचा दोर चौकटीत अडकत होता म्हणून त्यानं तो सोडून शिडीला टांगला होता. हातात कातर, आणि पायानं तो गाळ बाजूला सारत होता. त्या मेलेल्या कोपऱ्यात. प्रत्येक पावलाला गाळातून मोठे बुडबुडे फुटत होते.

"वर ये!" ती ओरडली.

"आलोच, आलोच. बाप रे, काय घाण मारतंय!" तो खोकला. कातर चालवली. वेणी अर्धी तुटली. मग त्यानं मान वर केली. चेहरा हसरा होता, सुटका झाल्यासारखा.

"गेला बघा, मॅडम," तो म्हणाला. "वास गेला."

ती कठड्यावर वाकली. "धाकट्या, वर! आत्ता! शिडी धर!"

त्यालाही त्याच क्षणी कळलं असावं. हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. तो शिडीकडे वळला, एक हात पुढे केला, आणि गुडघ्यात मोडून खाली बसला. मग हळूच चौकटीला टेकला, दमलेला माणूस भिंतीला टेकतो तसा.

काकांनी शिडीला हात घातला. एक पाय आतही टाकला होता. तिनं मागून त्यांची कॉलर धरली आणि सगळ्या अंगाचा भार टाकून मागे खेचलं. दोघं कठड्यापाशी पडले.

"सोड मला! मरतंय पोर!"

"तुम्ही उतरलात तर दोघं मराल. मग तिसरा उतरेल. काका, ऐका!"

"तुझा दीर आहे ना तो? बाई आहेस की दगड?"

"पंखा त्याच्या तोंडावर वळवा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "वॉचमनला सांगा, अग्निशमनला फोन कर, श्वासाची टाकी घेऊन या म्हणावं. आणि तो आकडा द्या इकडे."

केस ओढायचा तो लांब लोखंडी आकडा. ती कठड्यावर पालथी पडली, हात खांद्यापर्यंत आत घातले, आणि श्वास रोखून आकड्याचं टोक धाकट्याच्या पाठीवर नेलं. पट्ट्याला मागे एक कडी होती. आकडा कडीवरून घसरला. पुन्हा घसरला. तोंड बाजूला वळवून तिनं श्वास घेतला, पुन्हा वाकली. त्याचा सदरा फाटला, पाठीवर ओरखडा उमटला, रक्त आलं. घराला आग लागली असताना माणूस सुईत दोरा ओवत बसावा, तसं ते होतं. काका क्रेनच्या कळीपाशी रडत उभे होते. शेवटी आकडा कडीत गेला. तिनं त्याचं वरचं टोक क्रेनच्या साखळीत अडकवलं आणि म्हणाली, "उचला. हळू. हळू, काका."

तो वर आला तेव्हा त्याच्या पायात केसांची वेणी अडकलेली होती. ती तिनं हातानं सोडवली.

तो वाचला. रुग्णालयात पुष्कळ दिवस त्यानं डोळे उघडले नाहीत, आणि उघडले तेव्हा आधी कुणालाच ओळखलं नाही. मग आईला ओळखलं, भावाला ओळखलं. वहिनीकडे बराच वेळ बघून म्हणाला, "मॅडम." घरी आल्यावरही मॅडमच म्हणत राहिला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. शब्द अडायचे. पान्ह्याला काय म्हणतात ते आठवेना. शिट्टी मारायचं त्यानं सोडलंच. आणि नाक गेलं, कसलाच वास येईना. ते परत येईल की नाही, डॉक्टरांनी सांगितलं नाही.

सासूबाईंना कुणीतरी सगळी हकीगत सांगितली होती, कॉलर धरली तिथपासून आकड्यापर्यंत. त्यांनी धाकट्याच्या पाठीवरचा ओरखडा बघितला आणि सुनेशी बोलणं सोडलं. ताट वाढायच्या, पण 'वाढू का' म्हणायच्या नाहीत. नवऱ्यानं एका संध्याकाळी अंगणात बस पुसता पुसता एवढंच विचारलं, "तू त्याला थांब म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते."

"मग झालं," तो म्हणाला, आणि त्याच काचेवर पुन्हा पुन्हा फडकं फिरवत राहिला.

चौकशी बसली. साहेबांनी सांगितलं की फिटरनं सूचना मोडली, दोर स्वतःच्या हातानं सोडला. ते खरंच होतं. तिला विचारलं तेव्हा तिनं तेही सांगितलं आणि पुढचंही: हवा कुठवर कमी केली, ओढ किती वाढवली, जळलेलं टोक, आणि या सगळ्याला आपण मान डोलावली ती. साहेबांची बदली झाली. तिला ठेवलं, कारण टाक्या चालवायला दुसरं कुणी नव्हतं.

तिनं हवा पुन्हा पहिल्या प्रयोगाइतकी केली. ओढ कमी केली. तोंडाशी बारीक भोकांची नवी चाळणी बसवून घेतली, तिच्यासाठी वर्षभर भांडली. केस तिथंच अडायला लागले, तशी पडदे धुण्याची पाळी क्वचित यायला लागली आणि औषधही थोडं पुरू लागलं. हिशेब मांडला तर पाव हवेच्या दिवसांपेक्षाही आता एकूण वीज कमी लागत होती. हे आधीच करता आलं असतं. टाकीत कुणी उतरायचं नाही, असा नियम झाला, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. काका तिला पुन्हा मॅडम म्हणायला लागले. त्या दिवसाबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

धाकटा बराचसा सावरला. एक दिवस त्यानं "वहिनी" अशी हाक मारली आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसली. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी तिला बरं वाटत नव्हतं म्हणून ती लवकर घरी आली. सासूबाई शेजारी गेल्या होत्या, नवरा बसवर. दाराशी येऊन तिनं दाराला हात लावला आणि तिथंच थिजली. घरातून गॅसचा उग्र वास येत होता. ठिणगी पडू नये म्हणून घंटेच्या बटणाला हात न लावता तिनं दार उघडलं. धाकटा ओट्यासमोर उभा होता. शेगडीवर चहाचं भांडं, खाली बर्नर पूर्ण उघडा, न पेटलेला. भांड्यातलं पाणी गार. त्याच्या एका हातात काड्यापेटी होती, दुसऱ्या हातात काडी. काडीकडे तो मान वाकडी करून बघत होता. हिचं पुढे काय करायचं असतं, ते त्याला आठवत नव्हतं.

"वहिनी," तो आनंदानं म्हणाला, "आलीस? चहा ठेवलाय मी."

ती ओरडली नाही. सावकाश चालत त्याच्यापाशी गेली, त्याच्या बोटांतून काडी काढून घेतली, मग पेटी. बर्नर बंद केला, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि त्याला दंडाला धरून बाहेर अंगणात आणून बसवलं. तो मुकाट आला. थोड्या वेळानं त्याला काय घडलं ते उमगलं.

"मला कळलंच नाही गं," तो म्हणाला. "वास येत होता?"

"होता."

"खूप?"

"हो."

तो बराच वेळ उघड्या खिडक्यांकडे बघत बसला. पडदे वाऱ्यानं बाहेर येत होते, परत आत जात होते. सासूबाई फाटकातून आत आल्या, दोघांना बाहेर बसलेलं बघून जागीच थांबल्या. मग त्यांनाही वास आला. हातातली पिशवी खाली ठेवून त्या सुनेजवळ आल्या. त्या अपघातानंतर पहिल्यांदाच त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात थंडगार होता.

"आता गं?" त्यांनी विचारलं.

पडदेवालीनं खूप विचार केला. शेगडी विजेची घेता येईल. वास आला की वाजणारं यंत्र बसवता येईल. नवरा त्याला बसवर सोबत नेईल. हे सगळं तिनं सांगितलं, आणि पुढे तसं केलंही. सांगताना मात्र तिचं लक्ष धाकट्याकडे होतं. तो पुन्हा हसत होता, त्या दिवशी टाकीत हसला होता तसा, सुटका झाल्यासारखा. सगळं ठीक आहे असं त्याला वाटत होतं.